तीन बोटं ढील

उकड अर्धीच मळून झाली होती. परातीतल्या तांदळाच्या पिठातून अजून वाफा निघत होत्या. बिलकीस गार पाण्यात बोटं बुडवायची, चटका सोसत पीठ दाबायची, पुन्हा बोटं बुडवायची. तेवढ्यात फोन वाजला. उकड गार झाली की भाकरीच्या कडा फाटतात, म्हणून तिनं आधी लक्षच दिलं नाही. फोन काही थांबेना. शेवटी तिनं कोपरानं रिसीव्हर ढकलून वर घेतला आणि मान वाकडी करून खांद्यात धरला.

पलीकडे नूरुद्दीन, तिचा नवरा. अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं वर्कशॉप होतं आणि मागे कटर किंचाळत होता.

"जुलूचं माप घेतलंस का गं? प्रकाशसाहेब समोर उभे आहेत. पाइप कापायचाय."

"काल रात्रीच घेतलं."

"मग बोल ना."

बिलकीसनं बोटं पुन्हा गार पाण्यात बुडवली. जुलू म्हणजे जुलेखा, नूरुद्दीनची धाकटी बहीण, तिची नणंद. माप हवं होतं ते कमरेखालच्या रुंदीचं. दाभोळच्या घरात आईच्या हाताखाली शिवण शिकल्यापासून तिनं शेकडो बायकांची मापं घेतली होती. पण बाईच्या अंगाचं माप तिनं कधी कुठल्या पुरुषाला, बाईच्या सख्ख्या भावालासुद्धा, तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगायचं ते कपड्याचं माप. अंगाचं माप घ्यायचं, त्यात तीन बोटं ढील धरायची आणि तो आकडा बोलायचा. कपडा अंगाला चिकटू नये आणि बाईची अब्रू चारचौघांत आकड्यात निघू नये, यासाठी ही रीत. आई तिला ढिलाईतला पडदा म्हणायची.

"सतरा," ती म्हणाली. "इंच."

"सतरा, साहेब," नूरुद्दीननं तिकडे ओरडून सांगितलं. "खलास. ठेव आता."

तोवर उकड गार झाली होती. त्या दिवशीच्या भाकऱ्या फाटल्याच.

*

जुलेखाची पाठ मोडली त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. शारजाहून परत येताना रस्त्यात अचानक उंट आला, तिच्या नवऱ्यानं, रफिकनं, स्टिअरिंग फिरवलं आणि पिकअप कोलांटली. मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीला, उमैमाला, खरचटलंसुद्धा नाही. रफिक काचेतून बाहेर आला तो स्वतःच्या पायांवर. जुलेखाला बाहेर काढलं तेव्हा ती एकच विचारत होती, माझी चप्पल कुठाय. बेंबीखालचं तिला तेव्हापासून काही कळत नव्हतं. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही.

रफिक वाईट माणूस नव्हता. पाण्याचे कॅन घरोघर पोचवायचं त्याचं काम, पहाटेच्या नमाजानंतर निघाला की दुपार टळल्यावर यायचा. तोवर जुलेखा पलंगावर, आणि उमैमा शाळेतून आली की शेजारच्या मलबारी बाईकडे जे मिळेल ते खायची. एका संध्याकाळी बिलकीसच्या घरी चहा पिताना तो मान खाली घालून म्हणाला, "भाभी, मी ठरवलंय. मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की जुलेखाला तिच्या आईकडे गावाला ठेवून येतो. तिथं उचलायला चार माणसं आहेत."

"आणि उमैमा?"

"ती इथं शिकतेय. तिला तिकडच्या शाळेत काय कळणार? मराठी तरी नीट येतं का तिला?"

"आईला सोडून?"

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा. जेवण कोण करणार? घराकडे कोण बघणार? जुलेखाला ओट्याशी बसून दोन घास रांधता आले असते, तर मी हे तोंडातून काढलं असतं का?"

हे जुलेखाच्या कानावर गेलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी बिलकीस तिचे केस विंचरायला गेली तेव्हा ती म्हणाली, "भाभी, भाईला सांगा, मला ओट्याशी बसता आलं पाहिजे. चालायचं-बिलायचं राहू दे. ओट्याशी बसता आलं की मी इथंच राहते."

इस्पितळानं दिलेली चाकाची खुर्ची होती, पण ती बुटकी. तिच्यात बसलं की ओटा जुलेखाच्या गळ्याशी यायचा आणि उकळतं कालवण डोळ्यांसमोर. एकदा तिनं तेल तापवून पाहिलं, तेव्हा कपाळावर शिंतोडे उडाले होते. उंच होणारी परदेशी खुर्ची नूरुद्दीननं दुबईला जाऊन पाहिली. "साडेतीन हजार दिरहम," तो येऊन म्हणाला. "म्हणजे एक्केचाळीस हजार रुपये. एवढ्यात गावाला विहीर होते."

मग ती घरीच बनवायचं ठरलं. इस्पितळात जुलेखाचे हातपाय हलवून घेणाऱ्या मनोरमाताई नाशिकच्या. त्यांनी मनावर घेतलं. प्रकाश म्हणून एक इंजिनियर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात होता. त्याच्या कामाच्या फ्रेम नूरुद्दीन बनवायचा, तशी ओळख. तो शारजाला राहायचा आणि शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की वर्कशॉपवर यायचा. खुर्चीचं चित्र त्याचं, कुठे काय टेकायला हवं ते मनोरमाताईंचं, पाइप आणि वेल्डिंग नूरुद्दीनचं, आणि गादी, उशा, खोळी नि माप बिलकीसचं. चौघंही एका भाषेत बोलत होते, पण एकाचं काम दुसऱ्याला कळत होतं असं नाही. बिलकीसला तर प्रकाशसमोर उभंसुद्धा राहवायचं नाही. ती चहाचा थर्मास पाठवायची आणि नवऱ्याकडून निरोप द्यायची-घ्यायची.

माप घ्यायला सांगितलं मनोरमाताईंनीच. "बसल्यावर किती रुंद होते ते आडवं मोजा. तुमचा हात बसलाय मापावर." बिलकीस गेली तेव्हा पलंग हॉलमध्ये, समोर रफिक टीव्हीवर बातम्या ऐकत बसलेला, आणि त्याच्याबरोबर एक पाहुणा. जुलेखाच्या अंगावर सलवार-कमीज, वर घरातला झगा, मांड्यांवर चादर. बिलकीसनं चादर बाजूला केली नाही. टेप आडवी धरली, वरूनच पाहिलं, मनातल्या मनात तीन बोटं ढील धरली. त्यात तिला वावगं काही वाटलं नाही. आजवर असंच झालं होतं.

*

खुर्ची नोव्हेंबरात तयार झाली. चार छोटी चाकं, पाय ठेवायला फळी, छातीखालून पट्टा, आणि ओट्याला बरोबर पडेल अशा उंचीची बैठक. आधी बुटक्या खुर्चीतून ओट्याशी आणायचं, मग उचलून हिच्यात बसवायचं. रफिक पहाटे जाण्याआधी तिला बसवून जायचा, आल्यावर उतरवायचा.

पहिल्या दिवशी सगळे जमले होते. जुलेखा बसली आणि हळूच डावीकडे कलली. दोन्ही बाजूंना मूठभर जागा राहत होती. बिलकीसनं घरी जाऊन जुन्या साडीच्या घट्ट वळकट्या शिवून आणल्या आणि दोन्हीकडून ठोसल्या. जुलेखा सरळ बसली. मांडीवर चादर टाकली. मनोरमाताईंनी चहूकडून फिरून पाहिलं.

"दर थोड्या वेळानं काय करायचं?"

"दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं," जुलेखा शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली.

"आणि संध्याकाळी?"

"रफिकनी आरसा धरून मागची कातडी बघायची. लाल झालीय का."

"बघशील ना रे?" मनोरमाताईंनी रफिकला विचारलं. तो खिडकीबाहेर बघत हो म्हणाला.

"प्रकाशसाहेब," नूरुद्दीन म्हणाला, "तुमचं चित्र तर विमानाचं होतं. आम्ही त्याची खुर्ची केली, मानता की नाही?"

"मानलं, नूरभाई. विमान पुढच्या शुक्रवारी."

जुलेखा हसली. अपघातानंतर ती अशी हसलेली बिलकीसनं पहिल्यांदाच पाहिली. मग तिनं भिंतीला हात टेकत खुर्ची स्वतः ओट्याशी नेली, कांदा घेतला आणि सगळ्यांसमोर चिरला. त्या एका कांद्यासाठी बिलकीसनं घरी येऊन शुक्रान्याची, आभाराची, दोन रकात नमाज पढली.

नव्व्याण्णव सालचा रमजान डिसेंबरात आला. जुलेखानं रोजे धरले. मनोरमाताई नको म्हणाल्या, रफिक नको म्हणाला, तिनं ऐकलं नाही. आणि रोज इफ्तारीची ताटं तिच्या घरून निघू लागली. मलबारी बाईला भजी, इजिप्तहून आलेल्या खालच्या मिसरी कुटुंबाला खिमा-समोसे, नूरुद्दीनकडे सांदणं. ज्यांच्या दयेवर मुलगी दोन वर्षं जेवली, त्या प्रत्येकाच्या दारात तिला एकदा तरी ताट पाठवायचं होतं. उमैमा जिने चढायची-उतरायची.

"मामी, मम्मा मेड इट. ऑल बाय हरसेल्फ."

"तुझी मम्मा दमत नाही का गं?"

"शी सेज शी इज फाइन. शी ऑल्वेज सेज दॅट."

रफिकही एक दिवस म्हणाला, "भाभी, मार्चचं ते मी बोललो होतो ना, ते राहू दे आता." बिलकीसनं हे जुलेखाला सांगितलं. जुलेखानं मान हलवली आणि पीठ भिजवत राहिली. पहाटेपासून सूर्यास्ताच्या मगरीबपर्यंत ती त्या खुर्चीतून उतरत नव्हती. दुपारपर्यंत उतरवायला कोणी नव्हतंच, आणि रफिक आला की इफ्तारीची घाई. आणि चार-पाच तासांपेक्षा जास्त बसवत नाही असं म्हणायचं, तर मार्च पुन्हा दारात.

*

ईद दोन-तीन दिवसांवर आली तशी बिलकीस खुर्चीची खोळ धुवायला न्यायला आली. रफिकनं जुलेखाला नुकतंच पलंगावर घेतलं होतं आणि तो मशिदीत गेला होता. खोळ काढताना हाताला ओल लागली. एका बाजूला, डावीकडे, पिवळट डाग होता, मधोमध तपकिरी. वास आला.

"हे काय सांडलं?"

"तेल असेल."

"तेलाला असा वास येतो?"

जुलेखा भिंतीकडे बघू लागली. बिलकीसनं दार लावून कडी घातली. उमैमाला आतल्या खोलीत पाठवलं. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिनं नणंदेच्या अंगावरचं सगळं बाजूला केलं आणि तिला कुशीवर वळवलं.

डाव्या कुल्ल्याखाली, जिथं बसताना हाड टेकतं, तिथं खड्डा होता. कडा काळ्या. आत बिलकीसच्या अंगठ्याचं पेर बसेल एवढी जागा, आणि तळाशी काहीतरी पांढरं.

"या अल्ला," ती हलकेच म्हणाली.

"मोठं आहे का?" जुलेखानं विचारलं. "मला तर काही कळत नाही. ताप तेवढा येतो. मला वाटलं रोज्यामुळे."

"रफिकनं आरसा धरला नाही?"

"पहिल्या दिवशी धरला. मग त्याला बघवेना. मीच म्हटलं, राहू दे, बघितलं म्हणून सांग."

"आणि हातांवर उचलायचं? ते तरी करत होतीस?"

जुलेखानं दोन्ही हात बाजूला पसरून दाखवले, खुर्चीचे दांडे जिथं यायचे तिथं. कोपरं पार बाहेर गेली होती. तसे हात पसरून कोणाला अंग उचलता आलं नसतं, पहिलवानालासुद्धा नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खुर्ची परत नेली असती," जुलेखा म्हणाली.

त्याच संध्याकाळी इस्पितळात दाखल केलं. जखम हाडापर्यंत गेली होती आणि हाडात पू झाला होता. ईदच्या सकाळी रफिकनं इस्पितळाच्या गेटवर शीरखुर्म्याचा डबा आणला, तो नर्सनं आत जाऊ दिला नाही.

*

पुढच्या शुक्रवारी मनोरमाताई थेट वर्कशॉपवर आल्या. बिलकीसही गेली. यावेळी ती दाराआड थांबली नाही. खुर्ची मधोमध उभी होती. मनोरमाताईंनी बैठकीवर टेप धरली.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "हे एकोणीस कुणी ठरवलं? जुलेखा माझ्या हातांत आहे दोन वर्षं. आजारपणात ती वाळून चौदावर आलीय."

"मला सतरा सांगितलं," प्रकाश म्हणाला. "मी एक वाढवला. उन्हाळ्यात घाम येतो, घासू नये म्हणून. क्लिअरन्स ठेवतातच."

"तुम्ही वाढवला?" नूरुद्दीन म्हणाला. "साहेब, मी चित्रात अठरा पाहिलं, सतराचं डोक्यातच राहिलं नाही, आणि आणखी एक सोडला. वेल्डिंगला पाइप आत ओढतो. वर म्हटलं, जास्त असलं तर कापता येईल, कमी पडलं तर काय करू."

"तुम्ही मला विचारलं का नाही?" प्रकाश म्हणाला.

"तुम्ही मला सांगितलं होतं का?"

कुणाचाच आवाज चढला नाही. प्रकाश पाइपवर बोट फिरवत राहिला. मग बिलकीस बोलली. प्रकाशकडे बघून बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

"ते सतरा अंगाचं नव्हतं," ती म्हणाली. "मी कपड्यांवरून मोजलं होतं. आणि वर तीन बोटं ढील धरली होती. आमच्यात बाईचं माप तसंच सांगतात."

नूरुद्दीननं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. घरातली ही ढील त्याला माहीत होती, आणि आकडा सांगणारी कोण आहे हेही.

"आणि मी," मनोरमाताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशी वळकट्या ठोसलेल्या पाहिल्या. एवढ्या उशा कशाला लागतात, हे मला तिथंच खटकायला हवं होतं. चादर उचलून बघायला हवं होतं. पुरुष उभे होते म्हणून नाही उचलली." त्यांनी टेप गुंडाळली. "सगळ्यांनी तिची काळजीच घेतली. प्रत्येकानं थोडी थोडी."

नूरुद्दीननं त्याच दिवशी खुर्ची कापली. प्रकाशनं दांडे आत घेतले. त्याआधी बिलकीसनं इस्पितळात जाऊन, पडदा ओढून, नुसत्या अंगावर माप घेतलं आणि आकडा जसाच्या तसा सांगितला. खुर्ची बरोबर झाली. आता तिच्यात बसायला कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेपर्यंत बसणं बंद. पालथं पडून राहायचं, महिनोन्महिने. भरली तरी पूर्वीसारखं दिवसभर बसणं होईल असं नाही. रफिक तिकिटं बघायला दुबईला गेला. आता मार्चपर्यंतही थांबायचं नव्हतं.

*

बिलकीस रोज दुपारी इस्पितळात जायची. जुलेखा पालथी, तोंड एका बाजूला, गाल चादरीवर चेपलेला.

"तुम्ही चौघांनी मला ऐसपैस जागा दिलीत, भाभी," ती एकदा म्हणाली. "एवढी जागा सासरी कधी मिळाली नव्हती."

बिलकीस जपाच्या तसबीहचे मणी ओढत राहिली.

"रागावू नका. हात पुरत नाहीत म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. मीही ते म्हटलं नाही." मग म्हणाली, "उमैमा तुमच्याकडे राहील. रफिक म्हणाला. तिला सांदणं आवडतात, पण गूळ कमी. आणि तिच्याशी मराठीत बोलत जा. फोनवर माझ्याशी काय बोलणार नाहीतर ती?"

बिलकीसला स्वतःचं मूल नव्हतं. हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. उमैमाचं दप्तर आणि कपडे तिच्या घरी आले त्या दिवशी मलबारी बाई जिन्यात थांबून हिंदीत म्हणाली, अल्लानं तुझी झोळी भरली बघ. बाईच्या मनात वाईट काही नव्हतं. बिलकीस वर आली आणि संडासात दार लावून उभी राहिली, उमैमाला आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून.

मनोरमाताईंनी विचारलं होतं, खुर्ची दुसऱ्या एका बाईला दिली तर चालेल का. बिलकीसनं हा निरोप जुलेखाला दिला.

"नको," जुलेखा म्हणाली. "ती माझी आहे. मी मेल्यावर द्या."

"असं बोलू नये."

"बरं, नाही बोलत. पण देऊ नका."

म्हणून ती खुर्ची बिलकीसच्या एका खोलीच्या घरात, शिलाई मशीन आणि कपाटाच्या मधे उभी आहे. कपाटाचं एक दार तिच्यामुळे पुरतं उघडत नाही. उमैमा शाळेतून आली की तिच्यावर चढून होमवर्क करते. तिला ती थोडी सैल होते, दोन्हीकडे बोटभर जागा उरते.

विमानाचं ठरलं. मागच्या बाजूच्या सीट पाडून स्ट्रेचर लावतात, बरोबर रफिक. मुंबईहून पुढे गावापर्यंत ॲम्ब्युलन्सचा रस्ता रात्रभराचा. वाटेत ड्रेसिंग बदलावं लागेल आणि ते रफिकला जमणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग बिलकीसचंही तिकीट काढलं. सासूला, म्हणजे जुलेखाच्या आईला, आणि तिकडच्या जावेला जखम कशी धुवायची, किती आतपर्यंत पट्टी भरायची, हे हाताला धरून शिकवून यायचं. तोवर नूरुद्दीन उमैमाला सांभाळेल.

"मामी, व्हेन इज मम्मा कमिंग बॅक?" काल झोपताना उमैमानं विचारलं.

"मराठीत विचार."

उमैमानं खूप वेळ शब्द जुळवले. "मम्मा... परत... कधी येणार?"

बिलकीसनं इन्शाल्ला म्हटलं आणि तिच्या अंगावर चादर ओढली.

आज तिला मशिदीमागच्या फार्मसीत जायचं आहे. गॉझचे दोन मोठे रोल, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे आणि कागदी चिकटपट्टी आणायची आहे.